मेंदूतली साधी गाठ आणि ‘ट्यूमर मार्कर’ : रक्तात शोधायचा की काचेवर?

कृष्णाकाठ (३ जून, रात्री १०:५०)

नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, लिहितेय आज पहिल्यांदा. डोकं चालेनासं झालंय म्हणून लिहिते. मोठं होईल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ, वय २९. फेब्रुवारीपासून सकाळी उठल्यावर डोकं दुखायचं, दोन-तीनदा उलटी झाली. आम्ही पित्त समजलो. एप्रिलमध्ये मोबाइलवरची अक्षरं धूसर दिसायला लागली, तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत बघितलं आणि लगेच एमआरआय करायला सांगितलं. मेंदूच्या डाव्या बाजूच्या पोकळीत, जिथे पाणी असतं तिथे, साडेचार सेंटिमीटरची गाठ निघाली. आत चुन्याचे ठिपके. पाण्याची वाट अडल्यामुळे दोन्ही पोकळ्या फुगलेल्या. १९ एप्रिलला ऑपरेशन झालं. गाठ पूर्ण निघाली असं सर्जन म्हणाले. भाऊ आता चालतो, बोलतो, जेवतो. फक्त तारखा-वार विसरतो.

तुकड्याच्या रिपोर्टवर ‘ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा, ग्रेड २’ लिहिलंय. त्यावरून आधी शेक (रेडिएशन) आणि मग केमो घ्या असं सांगितलंय. याच गडबडीत एका नातेवाइकांच्या सल्ल्यावरून आम्ही गावातल्या लॅबमध्ये ‘ट्यूमर मार्कर प्रोफाइल’ करून घेतलं. पाच तपासण्या. चार नॉर्मल, आणि सीए १९-९ आला ५२. कागदावर ३७ पर्यंत नॉर्मल लिहिलंय. इंटरनेटवर बघितलं तर स्वादुपिंडाचा कॅन्सर. त्या दिवसापासून आई जेवत नाहीये. स्वादुपिंडातून मेंदूत गेलं की मेंदूतून स्वादुपिंडात, हेच घरात चाललंय.

माझे प्रश्न दोनच. या मार्करचा मेंदूच्या गाठीशी संबंध काय? आणि शेक सुरू करायच्या आधी आम्ही काय करायला हवं? तारीख १४ जूनची मिळाली आहे.

---

आबा_सातारकर (३ जून, रात्री ११:२०)

पोरी, आधी आईला जेवायला घाल. ऑपरेशन होऊन भाऊ चालतोय-बोलतोय, ही मोठी गोष्ट आहे. जाणकार मंडळी इथे आहेत, सकाळपर्यंत उत्तर येईल. एकच विचारतो : भावाला पित्ताशयात खडे आहेत का? माझा सीए १९-९ खड्यांमुळेच वाढला होता. खडे काढले आणि खाली आला.

---

स्लाइडवाली (४ जून, सकाळी ७:१५)

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. १८ वर्षं मायक्रोस्कोपखाली तुकडे बघतेय, त्यातली ११ न्यूरोसर्जरी असलेल्या रुग्णालयात. स्लाइड न बघता निदान करता येत नाही, करूही नये. तरी तुम्ही लिहिलंय त्यावरून काही गोष्टी आजच सांगायला हव्यात, कारण १४ तारीख जवळ आहे.

आधी सीए १९-९. स्वादुपिंडाच्या आणि पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये तो वाढतो हे खरं, पण तिथे बहुतेक वेळा आकडे शेकड्यांत किंवा हजारांत असतात. ५२ सारखा आकडा पित्ताशयाचे खडे, पित्त अडणं, यकृताची सूज, इतकंच काय मधुमेह असतानाही दिसतो. तुमच्या भावाच्या गाठीशी त्याचा काहीही संबंध नाही. पोटाची साधी सोनोग्राफी करून घ्या आणि महिन्याने तपासणी पुन्हा करा. आईला हे वाचून दाखवा.

आणखी एक हिशेब सांगते. कुठल्याही तपासणीची ‘नॉर्मल’ मर्यादा साधारणपणे अशी ठरवतात की धडधाकट माणसांपैकी शंभरातले पाच जण तिच्या बाहेर पडतातच. एकमेकींशी संबंध नसलेल्या पाच तपासण्या एकदम केल्या, तर ठणठणीत माणसाची निदान एक तरी तपासणी बिघडलेली येण्याची शक्यता २३ टक्क्यांच्या आसपास जाते. आठ केल्या तर ३४. ‘प्रोफाइल’ विकत घेताना हे कुणी सांगत नाही. मला याचा मनापासून राग आहे, कारण त्या एका आकड्यापायी घरंच्या घरं झोपेविना रात्री काढतात.

आता मुख्य मुद्दा. ‘ट्यूमर मार्कर’ हा एकच शब्द आपण दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. एक, गाठीने रक्तात किंवा मेंदूतल्या पाण्यात सोडलेला पदार्थ. याची सुरुवात १९६३ मध्ये सोव्हिएत रशियातले संशोधक आबेलेव्ह यांनी एएफपी हे प्रथिन शोधलं तिथून मानायला हरकत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे गाठीच्या पेशींवर किंवा पेशींच्या आत असलेली प्रथिनं आणि जनुकातले बदल, जे आम्ही काचेवर घेतलेल्या तुकड्यावर रंग चढवून किंवा जनुक तपासून बघतो. मेंदूच्या बहुतेक गाठी, साध्या असोत की वाईट, रक्तात असं काही सोडत नाहीत की ज्यावरून त्या ओळखता येतील. अपवाद मोजकेच आहेत, त्यांच्याबद्दल पुढे लिहीन. पण काचेवरचे मार्कर तुमच्या भावासाठी फार मोलाचे आहेत.

कारण असं. तरुण माणूस, गाठ बाजूच्या पोकळीत, आत चुना आणि रिपोर्टवर ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा. इतकं वाचलं की माझ्या मनात पहिली शंका येते ती ‘सेंट्रल न्यूरोसायटोमा’ची. ही दुर्मीळ गाठ आहे, मेंदूच्या सगळ्या गाठी धरल्या तर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. साधारण विशी ते चाळिशीत होते आणि बहुतेक वेळा पोकळीतल्या मधल्या पडद्याला चिकटून वाढते. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगात ती हुबेहूब ऑलिगोसारखी दिसते : गोल केंद्रक, भोवती पांढरं वलय, तळलेल्या अंड्यासारखं. फ्रान्समधले संशोधक हासून (Hassoun) आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली दोन गाठी बघितल्या आणि या पेशी चेतापेशींच्या वळणाच्या आहेत हे दाखवलं. तोवर जगभर या गाठींना ऑलिगो किंवा एपेन्डिमोमा म्हणूनच नाव पडत होतं.

दोन्हींना ग्रेड २ च लिहितात, पण पुढचा रस्ता वेगळा. न्यूरोसायटोमा पूर्ण निघाली असेल तर बहुतेक ठिकाणी शेकही देत नाहीत, केमोही नाही. नुसतं एमआरआय करून लक्ष ठेवतात.

तुमच्याकडचा रिपोर्ट शेवटच्या ओळीपर्यंत इथे टंकता का? नाव-नंबर काढून टाका.

---

कृष्णाकाठ (४ जून, सकाळी ९:०५)

ताई, हात कापतायत. रिपोर्टचं वर्णन अर्धं पान आहे, त्यात ‘क्लिअर हेलो’ असं आहे. मग निदान. त्याच्या खाली बारीक अक्षरात : ‘ॲडव्हाइज्ड आयएचसी फॉर कन्फर्मेशन’. ही ओळ आम्हाला कुणी दाखवलीच नाही. आम्हीही वाचली नाही.

---

स्लाइडवाली (४ जून, सकाळी ९:४०)

आयएचसी म्हणजे इम्युनो, तुकड्यावर रंग चढवून मार्कर बघायची तपासणी. म्हणजे ज्यांनी रिपोर्ट दिला त्यांनाही पूर्ण खात्री नव्हती आणि त्यांनी तसं लिहून ठेवलं होतं. त्यांची चूक नाही, ओळ पुढे पोचली नाही. अशा ओळी मी रोज लिहिते आणि त्या वाचल्या जातात की नाही याची मला धास्ती असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या सुधारणेपासून नियम असा आहे की आयडीएच जनुकातला बदल आणि १पी-१९क्यू हे गुणसूत्रांचे दोन भाग एकत्र हरवलेले, अशा दोन्ही गोष्टी सापडल्याशिवाय ऑलिगोडेन्ड्रोग्लायोमा हे नाव पक्कं होत नाही. २०२१ च्या आवृत्तीत तो नियम कायम आहे. तुमच्याकडे यातलं काहीच तपासलेलं नाही. म्हणून ब्लॉक मिळवा आणि मेंदूच्या गाठींचा सराव असलेल्या पॅथॉलॉजिस्टकडे द्या. हे मार्कर बघायला सांगा : सिनॅप्टोफायसिन, न्यूएन, जीएफएपी, ऑलिग-२, आयडीएच-१, केआय-६७. गरज पडली तर १पी-१९क्यू.

सिनॅप्टोफायसिन, म्हणजे चेतापेशींची खूण, गडद चढला आणि आयडीएच नसला, तर पारडं न्यूरोसायटोमाकडे झुकतं. केआय-६७ म्हणजे शंभरातल्या किती पेशी विभागणीच्या तयारीत आहेत तो आकडा. न्यूरोसायटोमात तो दोन-तीन टक्क्यांच्या खाली असला की गाठ परत येण्याची भीती बरीच कमी.

शेक देणाऱ्या डॉक्टरांना आजच भेटून सांगा की इम्युनोचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू. ऑपरेशन झालेलं आहे, गाठ निघालेली आहे, अशा वेळी दोन-तीन आठवडे थांबायला ते बहुधा हो म्हणतील. पण तुम्ही परस्पर तारीख चुकवू नका, त्यांना विचारूनच करा.

---

वॉर्डातली_माई (४ जून, दुपारी २:३०)

न्यूरो आयसीयूत परिचारिका म्हणून १४ वर्षं काम केलं. ‘साधी गाठ’ या शब्दाबद्दल थोडं लिहिते.

पोटातली साधी गाठ आणि डोक्यातली साधी गाठ यांत फरक आहे. कवटी काही पसरत नाही. तिसऱ्या पोकळीच्या तोंडाशी कोलॉइड सिस्ट म्हणून एक गाठ होते, वाटाण्यापासून द्राक्षाएवढी. पेशी बघाल तर निरुपद्रवी. पण नेमकी पाण्याच्या वाटेवर बसते, आणि वाट एकदम बंद झाली तर माणूस काही तासांत जातो. मी असा एक रुग्ण बघितलाय, तेवीस वर्षांचा. दोन दिवस नुसतं डोकं दुखतंय म्हणत होता.

म्हणून ताई, गाठ निघाली असली तरी घरी लक्ष ठेवा. भाऊ नेहमीपेक्षा जास्त झोपाळू झाला, पुन्हा सकाळच्या उलट्या सुरू झाल्या, चालताना पाय फाकवून टाकायला लागला किंवा कपड्यात लघवी झाली, तर ओपीडीच्या वाराची वाट बघू नका. पाणी पुन्हा साठतंय का हे सीटी स्कॅनवर पाच मिनिटांत कळतं. फिट्सची गोळी एकही चुकवू नका. विसरभोळेपणा या ऑपरेशननंतर पुष्कळांना येतो, बहुतेकांचा हळूहळू कमी होतो. भिंतीवर मोठं कॅलेंडर लावा, त्याच्याच हाताने रोज तारीख खोडायला सांगा.

---

नगरी_माणूस (४ जून, सायंकाळी ६:१०)

स्लाइडवाली ताई, तुमच्या ज्ञानाबद्दल आदर आहे, पण एक मुद्दा पटला नाही. मी दर वर्षी पूर्ण शरीर तपासणीचं पॅकेज करतो, त्यात मार्कर असतात. माझ्या काकांचा प्रोस्टेटचा कॅन्सर रक्तातल्या पीएसए या मार्करवरूनच लवकर सापडला. आज ते ठणठणीत आहेत. मग लोकांना तपासणीपासून परावृत्त का करायचं?

---

स्लाइडवाली (४ जून, रात्री ८:४५)

काका बरे आहेत हे वाचून आनंद झाला. पीएसए ही तपासणी एका ठरावीक वयाच्या पुरुषात, एका ठरावीक अवयवासाठी, डॉक्टरांशी बोलून करायची असते. यकृत आकसलेल्या किंवा जुनी कावीळ-बी असलेल्या रुग्णांत आम्ही सोनोग्राफीबरोबर एएफपी करतो, तेही असंच. प्रश्न आणि माणूस दोन्ही ठरलेले असतात. पॅकेजमध्ये प्रश्नच ठरलेला नसतो. सीईए सिगारेट ओढणाऱ्यांत वाढतो. सीए-१२५ मासिक पाळीत, गरोदरपणात आणि एन्डोमेट्रिओसिसमध्ये वाढतो. एएफपी गरोदर बाईत आणि तान्ह्या बाळात जास्तच असायला हवा.

आणि मेंदूपुरतं बोलायचं तर सरसकट सगळ्यांनी दर वर्षी करावी अशी रक्ताची एकही तपासणी नाही. त्या पॅकेजमधले सगळे आकडे नॉर्मल असताना डोक्यात लिंबाएवढी गाठ असू शकते, तुमच्या-माझ्या कुणाच्याही. ‘मार्कर नॉर्मल आलेत, मग डोकेदुखीसाठी एमआरआय कशाला’ असं म्हणून थांबलेले रुग्ण मी बघितले आहेत. माझं भांडण त्या खोट्या दिलाशाशी आहे.

---

नगरी_माणूस (४ जून, रात्री ९:००)

हा दुसरा भाग माझ्या लक्षातच आला नव्हता. धन्यवाद. पुढच्या वेळी पॅकेज घ्यायच्या आधी आमच्या डॉक्टरांना विचारीन.

---

निळी_शाई (५ जून, रात्री १२:३५)

रक्तातल्या मार्करने आमचं आयुष्य बदललं, म्हणून लिहिते.

माझा मुलगा १३ वर्षांचा होता. फळ्याकडे बघताना हनुवटी वर करून बघायला लागला. शिक्षिकेला वाटलं उद्धटपणा करतोय. खरं म्हणजे त्याचे डोळे वरच जात नव्हते. मग एकाची दोन दिसायला लागली. एमआरआयमध्ये मेंदूच्या मधोमध, पिनिअल ग्रंथीच्या जागी गाठ आणि पोकळ्यांत पाणी. मी लगेच विचारलं, ऑपरेशन कधी? डॉक्टर म्हणाले, आधी रक्त.

एएफपी १४० आला, बीटा एचसीजी (एरवी गरोदरपणात वाढणारं हार्मोन) थोडासा वाढलेला. त्यांनी समजावलं ते असं : आपण पोटात असताना ज्या पेशींपासून पुढे अंडाशय-वृषणातली बीजं बनतात, त्यातल्या काही वाट चुकून मेंदूच्या मध्यरेषेवर राहतात आणि त्यांच्यापासून अशा गाठी होतात. एएफपी इतका वाढलेला असेल तर आत वाईट भाग आहे हे धरूनच चालायचं, त्यासाठी डोकं उघडून तुकडा काढायची गरज नाही. मग दुर्बिणीतून तिसऱ्या पोकळीच्या तळाला छिद्र पाडून पाण्याला वाट करून दिली, आणि केमो सुरू झाली.

दोन केमोनंतर एएफपी ९ वर आला, तिसरीनंतर ३. आम्ही पेढे वाटले. त्याच आठवड्यातल्या एमआरआयमध्ये गाठ आधीपेक्षा मोठी दिसली. त्या दिवशी मी रुग्णालयाच्या जिन्यातच बसून राहिले. मार्कर खाली आणि गाठ वर, हे कसं?

डॉक्टरांनी सांगितलं की गाठ मिश्र होती. मार्कर सोडणारा वाईट भाग केमोने मेला. उरला तो ‘मॅच्युअर टेराटोमा’, साधा भाग. तो मार्कर सोडत नाही, केमोला दाद देत नाही आणि आपला वाढत राहतो. मग ऑपरेशन झालं. निघालेल्या गाठीत केस होते, कूर्चा होती, आतड्यासारखं अस्तर होतं. त्यानंतर शेक दिला, कारण सुरुवातीला वाईट भाग होता. आज तो १७ वर्षांचा आहे, अकरावीत. डोळे अजून पूर्ण वर जात नाहीत, पण चित्रं काढतो.

तेव्हा आमच्या बाबतीत मार्करने आधी ऑपरेशन वाचवलं आणि नंतर, तो नॉर्मल झाल्यावरही, ऑपरेशनच करावं लागलं.

---

स्लाइडवाली (५ जून, सकाळी ७:३०)

निळी_शाई, इतकं नेमकं लिहिलंत की मी हे माझ्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

काल अपवाद म्हणाले होते त्यातला हा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा. पिनिअलच्या जागी किंवा पिट्युइटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेल्या हार्मोनच्या ग्रंथीच्या) वर, मध्यरेषेवर गाठ असलेलं मूल किंवा तरुण आला, तर चाकू लावायच्या आधी एएफपी आणि बीटा एचसीजी बघायलाच हवेत. शक्य असेल तर रक्तात आणि मेंदूतल्या पाण्यात, दोन्हीकडे. युरोपातल्या नियमावलीत एएफपी २५ नॅनोग्रॅमच्या वर किंवा एचसीजी ५० युनिटच्या वर असेल तर तुकडा न घेता उपचार सुरू करतात. अमेरिकेत एएफपीची मर्यादा १० धरतात. हे दोन्ही नॉर्मल आले तर मात्र काहीच ठरत नाही. जर्मिनोमा असेल, निव्वळ मॅच्युअर टेराटोमा असेल, पिनिओसायटोमा असेल. यांतल्या जर्मिनोमाला शेक फार चांगला लागू पडतो आणि इतर दोन साध्या गाठींना ऑपरेशन. तिथे तुकडा घ्यावाच लागतो.

---

चाकण_नाका (५ जून, दुपारी १:१५)

माझी स्वतःची गोष्ट. वय ४१. मोटरसायकल चालवताना दोन्ही बाजूंनी येणाऱ्या गाड्या एकदम समोर उगवल्यासारख्या वाटायच्या. कडेचं दिसतच नव्हतं. पिट्युइटरीची गाठ निघाली, ४.२ सेंटिमीटर. ही गाठ दुर्मीळ नाही म्हणे, पण एवढी मोठी कमी. प्रोलॅक्टिन, म्हणजे याच ग्रंथीचं दुधाशी संबंधित हार्मोन, ११८. प्रोलॅक्टिन सोडणारी गाठ एवढी मोठी असती तर आकडा हजारांत आला असता, म्हणून ही दुसऱ्या जातीची, नाकातून ऑपरेशन करू असं ठरलं. तारीखही मिळाली.

ऑपरेशनच्या आधी हार्मोनच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि लॅबला फोन करून सांगितलं, हेच रक्त १०० पट पातळ करून पुन्हा लावा. उत्तर आलं १३,०००. ऑपरेशन रद्द. कॅबरगोलिनच्या गोळ्या, आठवड्यातून दोनदा. तीन आठवड्यांत कडेचं दिसायला लागलं. दीड वर्षात गाठ दीड सेंटिमीटरवर आली.

पातळ केल्यावर आकडा वाढतो कसा हे मला अजून नीट कळलेलं नाही. ताई, सांगाल?

---

स्लाइडवाली (५ जून, रात्री ९:२०)

तपासणीत दोन पहारेकरी असतात असं समजा. एक भिंतीला बांधलेला, दुसऱ्याच्या हातात दिवा. प्रोलॅक्टिनचा एकच कण दोघांनी दोन बाजूंनी धरला, तरच दिवा भिंतीपाशी टिकतो. मग सगळं धुऊन टाकतात आणि उरलेले दिवे मोजतात. प्रोलॅक्टिन प्रचंड असलं की भिंतीवाल्याच्या हाती एक कण, दिवेवाल्याच्या हाती दुसराच. दोघांची गाठच पडत नाही. दिवे धुऊन जातात आणि आकडा खोटा कमी येतो. रक्त पातळ केलं की गर्दी हटते आणि खरी मोजणी होते. याला हुक इफेक्ट म्हणतात. नव्या मशिनवर तो कमी झालाय, संपलेला नाही.

उलटंही होतं. दुसऱ्या कुठल्याही गाठीने पिट्युइटरीचा देठ दाबला तरी प्रोलॅक्टिन वाढतं, बहुतेक वेळा शंभराच्या आतबाहेर. ते बघून गोळ्या देत बसलं तर गाठ तशीच वाढत राहते. म्हणून आकडा नेहमी गाठीच्या मापाशेजारी ठेवून वाचायचा. आणि केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी सांगा, त्यानेही अशा कित्येक तपासण्यांचे आकडे चुकतात.

---

पन्हाळा_ते_न्यूजर्सी (६ जून, पहाटे ४:५०)

काचेवरच्या मार्करने गाठीचा उपचारच बदलतो याचं मला माहीत असलेलं सगळ्यात ठळक उदाहरण क्रेनिओफॅरिंजिओमाचं. माझ्या मोठ्या बहिणीला ही गाठ आहे. पिट्युइटरीच्या वर होते, ग्रेड १, म्हणजे पेशींनी अगदी साधी. पण डोळ्यांच्या नसांना आणि हायपोथॅलॅमसला (तहान-भूक सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागाला) अशी चिकटते की पूर्ण काढायला गेलं तर माणूस बदलून जातो. अक्काला पहिल्या ऑपरेशननंतर तहान आवरेना, दिवसाला आठ-नऊ लिटर लघवी. आजही डेस्मोप्रेसिनच्या गोळीवर आहे.

या गाठीचे दोन प्रकार. लहान मुलांत जास्त दिसणारा, चुना आणि इंजिन ऑइलसारखं पाणी असलेला, त्यात बीटा-कॅटेनिनचा बदल असतो. मोठ्या माणसांत दिसणारा पॅपिलरी प्रकार, त्यात बहुतेक वेळा ब्राफ व्ही६००ई हा जनुकातला बदल असतो. हे २०१४ मध्ये कळलं. २०२३ मध्ये या बदलावर चालणारी दोन औषधं, व्हेमुराफेनिब आणि कोबिमेटिनिब, १६ रुग्णांना दिल्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. १५ जणांची गाठ आकसली, तीही बहुतेकांची ९० टक्क्यांच्या आसपास. औषधांचा त्रासही होतो, ताप आणि अंगावर पुरळ. पण दुसऱ्यांदा डोकं उघडण्यापुढे ते काहीच नाही.

अक्काचं पहिलं ऑपरेशन २००९ चं, भारतातलं. तेव्हाचा ब्लॉक आम्ही जपून ठेवलेला नव्हता आणि रुग्णालयाकडेही तो उरला नव्हता. ब्राफ तपासायला तुकडाच नाही. म्हणून कळवळून सांगतो, कृष्णाकाठ, ब्लॉक मिळवा आणि सांभाळा. आज जी तपासणी अस्तित्वात नाही ती दहा वर्षांनी असेल.

---

आबा_सातारकर (६ जून, सकाळी ८:००)

ब्लॉक म्हणजे नक्की काय आणि तो मागायचा कसा, हे कुणी सोप्या शब्दांत सांगेल का? आमच्याकडे लोक रिपोर्टचा कागद मिळाला की झालं समजतात.

---

वॉर्डातली_माई (६ जून, सकाळी १०:१०)

आबा, काढलेल्या गाठीचे तुकडे मेणात बुडवून छोट्या वड्या करतात, प्लॅस्टिकच्या जाळीदार डबीवर बसवलेल्या. तो ब्लॉक. त्यातून केसापेक्षा पातळ काप काढून काचेवर लावतात, ती स्लाइड. इम्युनोसाठी ब्लॉकच लागतो, तयार स्लाइड पुरत नाही.

पॅथॉलॉजी विभागात साधा अर्ज द्यायचा : रुग्णाचं नाव, ऑपरेशनची तारीख, बायोप्सी नंबर, ‘दुसऱ्या मतासाठी ब्लॉक आणि स्लाइड मिळाव्यात’. रुग्णाची सही, ओळखपत्राची प्रत. मुंबईला परळच्या टाटा रुग्णालयात बाहेरच्या स्लाइड-ब्लॉकचं फेरतपासणीचं काम नेहमी चालतं. जाताना डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद आणि एमआरआयची सीडी न्या. फिल्म नको, सीडीच. गाठ नेमकी कुठे होती हे बघितल्याशिवाय पॅथॉलॉजिस्टलाही सांगता येत नाही. ऑपरेशन फुले योजनेतून झालं असेल तर पुढच्या उपचारांचं काय, ते तिथल्या आरोग्यमित्राला आत्ताच विचारून ठेवा.

---

कृष्णाकाठ (६ जून, दुपारी ४:२५)

अर्ज दिला. तिथल्या लॅबच्या मॅडमनी स्वतः शोधून चार ब्लॉक आणि सहा स्लाइड दिल्या. शेकवाल्या डॉक्टरांना भेटले. त्यांनी ती बारीक अक्षरातली ओळ वाचली, थोडा वेळ गप्प राहिले, आणि म्हणाले, थांबू या, बरं झालं आलात. रविवारी रात्रीच्या गाडीने मुंबईला निघतोय, मी आणि भाऊजी. सोनोग्राफीत भावाच्या पित्ताशयात खडे निघाले. तीन. आबा, तुम्ही म्हणालात तसंच. आई आज जेवली.

---

आबा_सातारकर (६ जून, दुपारी ४:४०)

डोळे भरून आले. जपून जा.

---

कृष्णाकाठ (२९ जून, रात्री ९:१५)

उशिरा लिहितेय, माफ करा. रिपोर्ट शुक्रवारी आला. जसाच्या तसा :

सिनॅप्टोफायसिन सगळीकडे पॉझिटिव्ह. न्यूएन बऱ्याच पेशींत पॉझिटिव्ह. जीएफएपी गाठीच्या पेशींत नाही. आयडीएच-१ नाही. १पी-१९क्यू दोन्ही शाबूत. केआय-६७ एक टक्का. निदान : सेंट्रल न्यूरोसायटोमा, ग्रेड २.

ऑपरेशननंतरच्या एमआरआयमध्ये शिल्लक काही नाही. शेक नाही, केमो नाही. पुढचा एमआरआय ऑक्टोबरमध्ये, मग दर सहा महिन्यांनी, नंतर वर्षातून एकदा. सीए १९-९ पुन्हा केला, ३३ आला. खड्यांचं ऑपरेशन सावकाश बघू म्हणाले.

भाऊ रोज कॅलेंडरवर तारीख खोडतो. परवा त्यानेच मला सांगितलं की माझा वाढदिवस मंगळवारी येतोय.

स्लाइडवाली ताई, ग्रेड २ हे दोन्हीकडे तेच राहिलं, त्याची आईला अजून भीती वाटते. काय सांगू?

---

स्लाइडवाली (२९ जून, रात्री १०:०५)

आईंना सांगा, ग्रेड ही त्या-त्या जातीच्या गाठीपुरती असते. ऑलिगोची दोन आणि न्यूरोसायटोमाची दोन एकाच मापाने मोजायची नाही. पूर्ण निघालेली, केआय-६७ एक टक्का असलेली न्यूरोसायटोमा परत न येण्याची शक्यता खूप चांगली आहे. ‘खूप चांगली’ म्हणतेय, ‘शंभर टक्के’ नाही. म्हणून ऑक्टोबरचा एमआरआय चुकवायचा नाही, भाऊ कितीही बरा दिसत असला तरी.

आज मला शांत झोप लागेल.

---

कृष्णाकाठ (२९ जून, रात्री १०:२०)

लागू दे ताई. एक शेवटचं. ब्लॉक परत आणलेत, चारही. फ्रिजमध्ये ठेवायचे का?

---

स्लाइडवाली (२९ जून, रात्री १०:२४)

नको. कोरड्या डबीत, कपाटात, उन्हापासून लांब. वर नाव, बायोप्सी नंबर आणि तारीख लिहा. उन्हाळ्यात बंद गाडीत कधी विसरू नका, मेण मऊ पडतं. आणि डबी कुठल्या कपाटात आहे हे घरातल्या आणखी एकाला सांगून ठेवा.